घरचे आरोग्य : एकाच घोटात सगळ्या गोळ्या नकोत

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या एका मावशींच्या समाचाराला आम्ही गेलो होतो. थायरॉईड ग्रंथी मंदावल्यामुळे त्या कित्येक वर्षे लेव्होथायरॉक्सिनची गोळी नेमाने घेत. तरीही अंगाला जडपणा, मनाला मरगळ. रक्ततपासणीतला आकडा काही केल्या खाली येईना. डॉक्टरांनी मात्रा दोनदा वाढविली. अखेर बोलता बोलता उलगडा झाला. गुडघेदुखीसाठी लेकीने कॅल्शियमच्या गोळ्या पाठविल्या होत्या आणि विसर पडू नये म्हणून मावशी पहाटे दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेत असत.

दोष कोणत्याच औषधाचा नव्हता; दोष संगतीचा होता. कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या औषधाला धरून ठेवते आणि ते औषध रक्तात पुरते उतरत नाही. म्हणून या दोहोंत किमान ४ तासांचे अंतर हवे. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या जंतुनाशकांचेही असेच होते. ती कॅल्शियमच्या निदान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावीत. गरोदर भगिनींना रक्तवाढीची लोहाची गोळी व कॅल्शियम ही दोन्ही मिळतात; त्यांतही निदान २ तास जाऊ द्यावेत. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घेतल्यास चांगली पचते.

‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट याहून नाजूक. ६०,००० युनिटांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच, तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. कित्येक घरी ती रोज दुधात घातली जाते. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते व अतिरेक झाला की रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी, पुढे भ्रम आणि मूत्रपिंडाची हानी, असा तो क्रम आहे. ज्यांना मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, जे हृदयासाठी डिगॉक्सिन घेतात, अथवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड वा क्लोरथॅलिडोन घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या दोहोंना हातही लावू नये. फेफऱ्यावरील फेनिटॉइनचे उलट आहे. त्यामुळे ‘ड’ जीवनसत्त्व लवकर खर्ची पडते आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात.

मग वाचकांनी करावे तरी काय? भिऊन औषधे बंद करणे हा उपाय नव्हे. घरातील प्रत्येक गोळी, पुडी व काढा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावा आणि प्रत्येकाची वेळ कागदावर लिहून घ्यावी. लेकीने प्रेमाने पाठविलेली बाटलीही त्या पिशवीत असावी.

मावशी आता थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि कॅल्शियमची दुपारच्या जेवणाबरोबर घेतात. वेळा बदलल्याचे त्यांनी डॉक्टरांना सांगितले, तपासणी झाली आणि वाढविलेली मात्रा पुन्हा कमी करावी लागली. न सांगता वेळा बदलल्या असत्या, तर तीच मात्रा त्यांना जड गेली असती. औषध घेण्याइतकेच ते सांगणेही महत्त्वाचे, एवढे आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावे.