वेळेची पाणपोई

रमजानमध्ये मिनिटाला किंमत असते. सहरी आणि इफ्तारच्या वेळा तक्त्यात छापलेल्या असतात. पण वेळ झाली की नाही, हे हल्ली बहुतेक जण मोबाइलवरच पाहतात. जगभरची संगणकीय घड्याळे जुळलेली राहतात, त्यामागे ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ म्हणजेच एनटीपी ही व्यवस्था आहे. अमेरिकेतील संशोधक डेव्हिड मिल्स यांनी ती १९८५ मध्ये मांडली.

ही व्यवस्था पाणपोईसारखी आहे. कोणत्याही यंत्राने वेळ विचारावी. नाव-गाव न विचारता उत्तर मिळते. २००३ पासून अनेक देशांतले स्वयंसेवक आपापले सर्व्हर एकत्र जोडून ही सेवा फुकट देत आहेत.

पण पाणपोईवर सगळेच तहानेने येत नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर विनंत्यांचा पूर लोटला. नेटगिअर कंपनीच्या काही राउटरमध्ये विद्यापीठाचा पत्ता कायमचा घातलेला होता. उत्तर न मिळाल्यास ते दर सेकंदाला पुन्हा विचारत. तो निष्काळजीपणा होता. पुढे हेतूही बिघडले. एनटीपीच्या एका आज्ञेने सर्व्हरकडून शेवटच्या ६०० पत्त्यांची यादी मागता येई. हल्लेखोर ती दुसऱ्याच्या नावाने मागू लागले. प्रश्न चिमूटभर, उत्तर पोतेभर, आणि ते पोते त्या तिसऱ्याच्याच डोक्यावर! फेब्रुवारी २०१४ मधील एका हल्ल्यात साडेचार हजारांवर सर्व्हर असे वापरले गेले. मारा सेकंदाला सुमारे ४०० गिगाबिटचा होता. २०१६ मध्ये तर ‘शोडान’ या शोधयंत्राने स्वयंसेवकांच्या ताफ्यात आपले सर्व्हर घातल्याचे उघड झाले. वेळ विचारणाऱ्यांचे पत्ते टिपून ते त्यांचीच तपासणी करत होते.

‘फुकट दिले की असेच होणार, बंद करा,’ असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. गैरवापर चार जणांचा आणि शिक्षा सगळ्यांना, हा न्याय नव्हे. २०१४ च्या हल्ल्यांवरचा उपायही तसा नव्हता. यादी देण्याची सोय काढली गेली. वेळ सांगणे सुरूच राहिले. लाखो उपकरणे विकणाऱ्या कंपन्यांनी मात्र आधी परवानगी घ्यावी आणि भारातला वाटा उचलावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

आपल्याकडे पाणपोईचा पेला साखळीने बांधलेला असतो. त्याने तहानलेल्याचे काही अडत नाही. अडते ते पेला पळवणाऱ्याचे.