रेसिपीच लिहा म्हणे!



मागच्या पर्युषणात मी एक पानभर लिहिलं होतं. अंगावर पाजणाऱ्या सुनेला "आमच्या घरात अठ्ठाई चुकत नाही" म्हणत आठ उपवासांना बसवू नका, एवढंच. नाव कुणाचंच नव्हतं, तरी मेहकरात ज्यांना कळायचं त्यांना कळलं. पारण्याच्या दिवशी समाजातल्या एका ज्येष्ठ काकांनी मला बाजूला घेतलं. "सूनबाई, तुमचं पापडाच्या भाजीचं, मुगाच्या धिरड्यांचं छान असतं. तेच लिहीत जा. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?"

हेच काका रोज सकाळी दहा-बारा फॉरवर्ड पाठवतात. कुणी लिहिलं, खरं की खोटं, काही पत्ता नसतो. पपईच्या पानाने सगळे आजार बरे होतात इथपर्यंत मजल. त्यावर सगळे हात जोडतात. मी तेच पुढे ढकललं असतं तर मलाही कुणी बोललं नसतं. बाईने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं की मगच चव्हाटा आठवतो.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी त्या निमित्ताने समस्त बायकांना धारेवर धरलं. त्याला उत्तर दिलं ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. वडील तिथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, ते 1882 मध्ये पुण्यात छापून आलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे. बदनाम कोण होतं आणि मोकळं कोण सुटतं, हे त्यांनी तोंडावर विचारलं. लोक तुटून पडले. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे एकही विस्मरणात गेलं होतं, ते स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये पुन्हा छापलं. 93 वर्षांनी! आपल्याला ना छापखाना लागतो ना नऊ आणे. फोन हातात आहे. आणि त्यावर आपण काय करतो, तर गुलाबाचं फूल आणि सुप्रभात.

काकांनी भाषा समितीचाही दाखला दिला. काका, भाषा समिती म्हणजे जपून, मोजकं, हिताचं बोलणं. गप्प बसणं नव्हे. आणि बाळाच्या दुधाहून हिताचं काय असतं? लिहिताना तोल जाऊ शकतो, हे मान्य. माझाही एकदा गेला होता, शेजारच्या लग्नातल्या पंगतीबद्दल लिहिताना. तेव्हा त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. फॉरवर्डची माफी मागायला कोण कुणाच्या घरी जातं?

दिवाळीनंतर एका मुलीने बाजारात मला थांबवलं. कडेवर बाळ. म्हणाली, "काकू, ते तुमचं मी तिसऱ्या दिवशी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण थोड्या वेळाने ताट वाढून मला हाक मारली."

काकांना मनापासून मिच्छामि दुक्कडम. लिहिलेलं मात्र काढणार नाही. पापडाच्या भाजीची कृती पुढच्या आठवड्यात देते.