नाव आजोबांचं, हाक कुणाची?

हल्ली कुणाकडे 'गुड न्यूज' आहे हे कळलं, की महिन्याभरात व्हॉट्सअॅपवर एक नवा ग्रुप उगवतो. त्यात दोन्हीकडच्या आज्या, आत्या, मावश्या, काका आणि एक-दोन हौशी मित्र असतात. मग विहान, कियान, रेयांश, अयांश अशी यमकं जुळवत यादी पन्नासवर जाते. पाळणाघरात 'यांश' अशी हाक मारली, तर चार जण वळून बघतील अशी परिस्थिती!

त्याला कंटाळून आता दुसरी टोळी तयार झालीय. 'आम्हाला एकदम जुनं नाव हवंय' म्हणणारी. मुलाचं नाव पणजोबांचं, खापरपणजोबांचं. विठ्ठल, सखाराम, गोविंद, नागोराव. ऑफिसात सांगितलं की समोरचा क्षणभर थबकतो आणि मग म्हणतो, 'वॉव, सो व्हिंटेज!' पितळेचे डबे आणि नऊवारी परत आली, तशी नावंही परत येतायत. पण डबा आवडला नाही तर माळ्यावर टाकता येतो. नावाचं तसं नसतं, ते दुसऱ्याच कुणीतरी ऐंशी वर्षं वागवायचं असतं. म्हणून जुनं नाव ठेवताना थोडा विचार करू या.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचं सासर पिंपळगाव राजाचं, बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यातलं. पिंपळगावं महाराष्ट्रात ढीगभर. म्हणून एक बसवंत, एक हरेश्वर, एक काळे आणि हे राजा. नाव कॉमन असलं की पुढे काहीतरी लावावं लागतं, हा नियम गावांनाही सुटत नाही. मैत्रिणीला मुलगा झाला तेव्हा नवऱ्याने लाजत लाजत एक नाव सुचवलं, त्याच्या आजोबांचं. 'राव'वाल्या काळातलं, भारदस्त. मैत्रीण आधी हसली, मग गप्प झाली आणि मग मला फोन केला. 'चिडवतील गं त्याला शाळेत!'

या भागात जुन्या नावांचा राजा म्हणजे गजानन. खामगावपासून शेगाव वीस किलोमीटरच्याही आत, त्यामुळे घरोघरी एखादा गजानन, गजू किंवा गजाभाऊ सापडतोच. गंमत म्हणजे ज्यांच्यामुळे हे नाव इतकं पसरलं, त्यांचं मूळ नाव कुणालाच माहीत नाही. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी ते शेगावात लोकांना प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. पण जन्म कुठला, आईवडील कोण, पाळण्यातलं नाव काय, याची काहीच नोंद नाही. तोंडी सतत 'गण गण' असा जप असायचा, त्यावरून लोकांनीच त्यांना गजानन म्हटलं असं सांगतात. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं लाडकं नाव हे मुळात लोकांनी मारलेली हाक आहे!

आता 'गजानन' तुम्हाला डाऊनमार्केट वाटत असेल, तर जरा थांबा. गदिमा म्हणजे गजानन दिगंबर माडगूळकर. आणि ज्यांच्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो ते कुसुमाग्रज? त्यांचं जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले आणि कवितेसाठी त्यांनी स्वतः कुसुमाग्रज हे नाव घेतलं, म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. एका आयुष्यात तीन नावं! पहिलं आईवडिलांनी दिलं, दुसरं दत्तकघराने आणि तिसरं त्यांनी स्वतः निवडलं. टिळकांचंही पाळण्यातलं नाव केशव, घरचे 'बाळ' म्हणायचे आणि पुढे देशानेही तेच उचललं. बुलढाणा जिल्ह्यातलंच उदाहरण हवं असेल, तर मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००). त्यातला 'ना' म्हणजे नागोराव. तेव्हा लांब नावांची भीती बाळगू नका. पु. ल., व. पु., ना. घ. अशी आद्याक्षरं हा आपल्या भाषेचा जुनाच शॉर्टकट आहे, युजरनेमच्या कितीतरी आधीचा.

मात्र 'जुनं ते सोनं' म्हणून सगळीच जुनी नावं एका पेटीत टाकता येत नाहीत. धोंडू, दगडू, कचरू, भिकू ही नावं आईबापांनी हौसेने ठेवलेली नव्हती. आधीची लेकरं गेली की पुढच्याला असं नाव द्यायचे, म्हणजे नियतीला वाटावं, हा काय दगड, हा काय कचरा, याला नेऊन काय करायचं! लसी नव्हत्या, दवाखाने दूर होते, तेव्हा आईच्या हातात एवढंच होतं. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले आणि १९५८ मध्ये भारतरत्न झाले. पण ज्या काळात ते नाव मुलांना ठेवलं जायचं, त्या काळाकडे आता बघितलं की हसू येत नाही.

आणि ही नावं सगळ्यांना सारखी चिकटली नाहीत. सन्मान मिळाला की धोंडोचे 'अण्णासाहेब' होतात, गरीब घरातला दगडू मात्र दगड्याच राहतो. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दया पवारांनी हेच केवढ्या धारदारपणे मांडलं. त्यांचं मूळ नाव दगडू मारुती पवार, आणि पुस्तकात हा दगडू आपली कहाणी शिकून नोकरीला लागलेल्या दया पवारांना सांगतो. एकाच माणसात दोन नावं समोरासमोर बसलेली! १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्यानंतर विदर्भात घरोघरी सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद आले. त्या आईबापांसाठी नवं नाव ही फॅशन नव्हती, ते मान वर करून चालणं होतं. तेव्हा तुमच्या घरात कुणी एखादं जुनं नाव टाकून दिलं असेल, तर ते 'क्यूट' म्हणून पुन्हा उचलण्याआधी का टाकलं हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. २०१४ च्या 'टाइमपास'मधल्या दगडूवर थिएटरमध्ये हसणं सोपं होतं. हजेरीपटात ते नाव ऐकून उभं राहणं वेगळं.

तर, मैत्रिणीचं काय झालं? तिने विचारलं. आजोबांनी त्या नावाने जमीन सोडवली होती, पोरींना शाळेत घातलं होतं. नावाला काळी बाजू काही निघाली नाही. बारशाला सगळे गावी गेले, घुगऱ्या वाटल्या, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी 'कुर्र्र' करून आत्याच्या पाठीत मनसोक्त धपाटे घातले. अडचण निघाली ती भलतीचकडे. पणजीआजी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'काय वं सूनबाई, माह्या तोंडातून थे नाव कसं निघन?'

खरंच की! उखाण्याबाहेर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं. साठ वर्षांचा संसार 'अहो' आणि 'घरचे' यांवर निभावलेला. म्हणूनच तर जुन्या घरांत आजोबांचं नाव ठेवलेल्या नातवाला आबा, अप्पा, भाऊ अशा आडवाटेच्या हाका असत. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग त्याच नावाच्या पोरावर ओरडायचं कसं? आजींनीही तोडगा काढला. त्या बाळाला 'मालक' म्हणू लागल्या. 'मालक, दूध प्याले का? मालक, झोपा आता.' सगळं घर हसून बेजार.

पुढे दिवाळीत बाळ रांगत ओसरीच्या कडेला पोचला. घरातले सगळे आत होते, आजी एकट्याच बाहेर. त्यांना उठून धावणं जमेना आणि 'मालक' काही वळेनात. तेव्हा आजींनी ते नाव घेतलं. मोठ्यांदा, पूर्ण, 'राव'सकट. बाळ थांबला आणि वळून हसला. मैत्रीण सांगते, घरातले धावत बाहेर आले तेव्हा आजी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. नंतर त्या रोज त्याला नावानेच हाक मारायला लागल्या. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आता त्या बाळाचं आहे, कुठे लिहायचं ते त्याने ठरवावं.

आता थोडा प्रॅक्टिकल भाग. एक, नावरस काढणार असाल तर २७ नक्षत्रांची प्रत्येकी चार अशी १०८ अक्षरं असतात, आणि हस्त नक्षत्राच्या वाट्याला 'ण'सुद्धा आहे. 'ण'वरून नाव शोधून दाखवा! त्यामुळे जन्मनाव पत्रिकेत आणि व्यवहाराचं नाव वेगळं, ही सोय आपल्याकडे जुनीच आहे. दोन, घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव नंतरही घालता येतं. १२ महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क नाही आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तीन, स्पेलिंग आधी ठरवा. ज्ञानेश्वर 'डी'ने की 'जी'ने, विठ्ठलमध्ये 'टी' किती, हे वाद जन्मदाखल्याआधीच मिटवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच महत्त्वाचा झालाय. चार, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावाचा महाराष्ट्रातल्या सरकारी कागदपत्रांवरचा क्रम आहे बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव. म्हणजे पणजोबांचं नाव आणि आईचं नाव आता शेजारी शेजारी. जिने सासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही असा दंडक होता, तिचं नाव आता त्याच ओळीत!

आणि शेवटची टेस्ट. लॅपटॉप मिटा, गॅलरीत उभे राहा आणि निवडलेलं नाव पाच वेळा मोठ्याने हाक मारल्यासारखं म्हणा. एकदा लाडात, एकदा चिडून, एकदा घाबरून. शेजारचे बघतील, बघू देत. पाचही वेळा तोंडातून सहज निघालं, तर खुशाल ठेवा.