‘ध’चा ‘मा’ आणि पेशवाईचा न सुटलेला प्रश्न

१/१०
शनिवारवाडा पाहायला आलेल्या प्रत्येकाला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात : ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक आणि आनंदीबाईंनी केलेला ‘ध’चा ‘मा’. कथा रंजक आहे. मात्र खऱ्या अपराधाला ती अडीचशे वर्षे आडोसा देत आली आहे.

२/१०
घटना निर्विवाद आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगारासाठी बिथरलेले गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ हे त्यांचे म्होरके. अवघ्या १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध झाला.

३/१०
दंतकथा म्हणते, राघोबादादांनी ‘धरावे’ लिहिले आणि त्यांच्या पत्नीने ‘मारावे’ केले. क्षणभर हे खरे मानू. तरी गादीवरील पेशव्यास ‘धरावे’ अशी आज्ञा भाडोत्री सैनिकांस देणे, हाच राजद्रोह नव्हे काय? अक्षर बदलण्यापूर्वीच गुन्हा पूर्ण झाला होता.

४/१०
रामशास्त्री प्रभुणे यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. न्यायाधीशाने पुरुषावर ठेवलेला ठपका लोककथेने अलगद त्याच्या बायकोच्या पदरात टाकला.

५/१०
मूळ प्रश्न वेगळाच होता : पेशवेपद कोणाचे? ते वंशपरंपरागत वतन नव्हते. छत्रपतींनी वस्त्रे द्यावीत, तेव्हा माणूस पेशवा होई. १७४० मध्ये बाबूजी नाईक बारामतीकरांचे नाव पुढे आले, तेव्हा नानासाहेबांच्या बाजूने निर्णय देण्यास शाहू महाराज समर्थ होते. १७४९ मध्ये शाहू गेले आणि निवाडा करणारा हातच उरला नाही.

६/१०
१७६१ मध्ये नानासाहेबांच्या पश्चात १६ वर्षांचा मुलगा पेशवा झाला, अनुभवी भाऊ बाजूला राहिला. माधवरावांनी १७६८ मध्ये धोडपला काकांचा पराभव करून त्यांना नजरकैदेत ठेवले. वाद मिटला नाही, शनिवारवाड्यात कोंडला गेला.

७/१०
पुढचा प्रकार अधिक लाजिरवाणा. खुनानंतर साताऱ्याची वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाला आणि काही आठवड्यांच्या त्या बालकालाही तीच वस्त्रे मिळाली! ज्याची सत्ता त्याची वस्त्रे, एवढाच नियम शिल्लक होता.

८/१०
बारभाईंनी त्या बालकाचा पक्ष धरला, हे त्यांचे श्रेय. पण किंमत राज्याने मोजली. रघुनाथरावांनी १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी-वसई इंग्रजांना देऊ केली. वडगावला मराठे जिंकले, तरी १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी इंग्रजांकडेच राहिली. १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारले आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. या वेळी गादी मिळाली रघुनाथरावांच्याच मुलाला. त्या दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये वसईचा तह केला.

९/१०
‘वारसाचा लेखी क्रम असता तर हे टळले असते’ असे म्हणणाऱ्यांनी नेपाळकडे पाहावे. तिथेही राजा नामधारी आणि सत्ता राणा घराण्यातील पंतप्रधानांकडे, अगदी सातारा आणि पुण्यासारखी. पद भावाकडून भावाकडे जावे, असा क्रमही ठरलेला होता. तरी १८८५ मध्ये रणोद्दीप सिंह यांना पुतण्यांनीच ठार केले. इथे काका, तिथे पुतणे. बलवानाला नियम पाळायला लावणारी शक्ती नसेल, तर नियम म्हणजे नुसता कागद.

१०/१०
रामशास्त्र्यांनी निर्णय दिला आणि पुणे सोडले, कारण तो अमलात आणणारे कोणी नव्हते. पेशवाईची शोकांतिका तिथे आहे, एका अक्षरात नाही. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार भाषेत खुशाल राहो. इतिहासात मात्र आनंदीबाईंच्या लेखणीवर खटला चालवून रघुनाथरावांना आणि आंधळ्या व्यवस्थेला निर्दोष सोडणे आता थांबले पाहिजे.