भाजलं तर आधी पाणी

रमजानमध्ये इफ्तारची घाई. भजी तळताना तेल उडतं, हात भाजतो आणि आपण टूथपेस्ट शोधत धावतो. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. मागच्या रमजानमध्ये लेकीच्या मनगटावर तेल उडालं, आम्ही घाईने हळद थापली. दवाखान्यात ती हळद धुऊन काढताना पोर जी रडली, ते आम्ही विसरलेलो नाही.

खरा घरगुती इलाज म्हणजे पाणी. भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. सूज येण्याआधी अंगठी-बांगड्या काढा. बर्फ, तूप, टूथपेस्ट, हळद काहीच नको. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. कातडी शाबूत असेल तर नंतर कोरफडीचा गर लावायला हरकत नाही.

जखम तळहाताहून मोठी असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, किंवा लहान मूल भाजलं असेल, तर पाण्यानंतर थेट डॉक्टरांकडे जा.

मग्रिबची अजान झाली तर खजूर तोंडात टाका, रोजा सोडा. हात मात्र पाण्याखालीच राहू द्या. भजी दुसरं कुणी तळेल.