लिव्हर रायफलीचा तोल : वेगाच्या दंतकथेआड राहिलेला इतिहास

‘विंचेस्टर १८७३’ असे म्हटले की हॉलिवूडचा घोडेस्वार डोळ्यांसमोर येतो. लिव्हर खाली-वर होतो, काडतुसे उडतात, गोळ्यांचा पाऊस पडतो. अमेरिकेचा पश्चिम भाग याच बंदुकीने जिंकला, ही जाहिरातीतली ओळ पुढे इतिहास म्हणून मिरवू लागली. पण लिव्हर रायफल केवळ वेगाने मोजणे म्हणजे तिचे अर्धेच चरित्र वाचणे होय. उरलेले अर्धे नेमबाजीच्या मैदानावर घडले आणि तिथे प्रश्न वेगाचा नव्हता, तोलाचा होता.

आधी या रायफलीची अडचण पाहावी. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक भरली जात. २४ इंची नळीच्या रायफलीत ती १५ मावत. .४४-४० काडतुसातील २०० ग्रेनची गोळी आणि ४० ग्रेन दारू यांचेच वजन सुमारे साडेपंधरा ग्रॅम. पितळी कोश वेगळाच. म्हणजे पंधरा बार झाले की रायफल सव्वादोनशे ग्रॅमहून अधिक हलकी होणार. स्प्रिंग उरलेली काडतुसे मागे ढकलत असल्याने आधी रिकामा होतो तो पुढचा भाग, आणि तोल प्रत्येक बारागणिक दस्त्याकडे सरकतो. रणात हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. नेमबाजाच्या हाती मात्र दर वेळी किंचित निराळी बंदूक येते.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यू यॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर अमेरिकी आणि आयरिश संघांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश नेमबाजांकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली होत्या. अमेरिकी संघाकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा अवघ्या तीन गुणांनी विजय मिळवला. यांपैकी शार्प्सला लिव्हर होता! पण तो दुसरे काडतूस पुढे आणण्यासाठी नव्हता. तो पोलादी ठोकळा खाली उतरवून एकेक काडतूस भरण्याची वाट मोकळी करी. रायफलीच्या वजनाला १० पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचार किलोंची, मर्यादा होती. म्हणून कारागिराची सारी कसोटी एकाच प्रश्नावर लागे : एवढे वजन ठेवायचे कुठे?

ही मर्यादा नाहीशी झाली की काय होते, ते जर्मन आणि स्विस स्थलांतरितांच्या ‘शुत्सेन’ मंडळांत दिसते. तिथे २०० यार्डांवर उभ्याने, कशाचाही टेकू न घेता नेम धरायचा. बॅलर्ड, स्टीव्हन्स आणि ब्राउनिंगच्या आराखड्यावरची विंचेस्टर १८८५ या एकबारी लिव्हर रायफली त्यासाठी सजू लागल्या. विंचेस्टरने नळ्यांनाच जाडीनुसार क्रमांक दिले होते. हलकीला १, सर्वांत जाडीला ५. दस्त्याच्या टोकाला खांद्याखाली अडकणारे आकडे आले, नळीखाली तळहाताचा आधार आला, लिव्हरलाही बोटे टेकवण्यासाठी वळणे आली. १२ ते १६ पौंडांची रायफल ही तिथे नवलाई नव्हती. नळीने पुढचा भाग फार खाली ओढला, तर दस्त्यात भोक पाडून शिसे भरता येई.

इथे एक सूक्ष्म भेद आहे. तोलाचा बिंदू एकाच जागी असलेल्या, सारख्याच वजनाच्या दोन रायफलीही हातात भिन्न वागतात. एकीचे वजन मध्यात गोळा झालेले असते, दुसरीचे दोन्ही टोकांना विखुरलेले. पहिली चटकन वळते. दुसरी सावकाश डोलते, आणि त्या डोलण्यात नेमबाजाला चाप ओढण्याचा क्षण सापडतो. डोंबारी दोरावर लांब बांबू घेऊन चालतो, तो याचसाठी. तलवारींच्या वजनावरून समाजमाध्यमांवर हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घेतला, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

असली अवजड रायफल घेऊन युद्धावर कोण जाणार, हा आक्षेप खराच आहे. परंतु सैनिकी उपयुक्तता हा शस्त्रेतिहासाचा एकमेव निकष मानला, तर कारागीर आणि नेमबाज यांच्यातला हा सगळा संवाद पुसला जातो. पहिल्या महायुद्धातील जर्मनविरोधी लाटेत शुत्सेन मंडळे ओसरली. त्यांच्या रायफली आज संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात, पण तळहाताचा आधार अनेकदा हरवलेला असतो. फलकावर लांबी, वजन आणि नळीचा व्यास लिहिलेला असतो. रायफल कुठे टेकवली असता तोलून राहते, ते बहुधा नसते.