बांधातली माशी आणि लागवडीचे खड्डे

आग्या, सातेरी, फुलोरी आपण ओळखतो, कारण त्यांचा मध मिळतो. वांगी-मिरचीच्या फुलाला लटकून जोरात गुणगुणणारी, पोटावर निळे पट्टे असलेली माशी मात्र कुणाच्या हिशेबात नाही. तिला पोळं नाही, राणी नाही. प्रत्येक मादी एकटीच बांधाच्या कोरड्या मातीत नाहीतर घराच्या मातीच्या भिंतीत बीळ कोरते. आत लहान खोल्या करते, एकेकीत पराग आणि फुलातला रस भरून एकच अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते.

वांग्याचा पराग नुसत्या स्पर्शाने फारसा पडत नाही. पुंकेसराच्या टोकाला बारीक भोक असतं. ही माशी अंग थरथरवते तेव्हा तो भुरभुर झडतो. सातेरीला हे जमत नाही.

कुणी म्हणेल, जमिनीची लढाई सोडून माश्यांचं काय घेऊन बसलात? अहो, जमिनीचंच आहे हे. एकसाली प्लॉट नावावर करा, १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट माना, असं आपण म्हटलं की उत्तर येतं, आदिवासी जंगल खातो. आणि लगेच लागवडीचे खड्डे पडतात, तेही उभ्या प्लॉटात. उन्हात तापणारी उघडी माती कागदावर ‘पडीक’ असते, तेच या माशीचं घर. राहते एकटी, पण बिळं शेजारीशेजारी, पाड्यातल्या झोपड्यांसारखी. बांध फोडला की अख्खा पाडा उठला. बांधच आधी का फोडतात, हेही उघड आहे. जुना बांध म्हणजे कसवणुकीचा पुरावा.

दुसरं संकट मात्र आपल्याच हातातून जातं. कीटकनाशकाची पावडर भर फुलोऱ्यात सकाळच्या वेळी धुरळतात. वांग्यातली अळी फळाच्या आत बसलेली असते, पावडर बसते फुलावर. माशी तोच पराग बिळात नेऊन पिल्लाच्या तोंडी देते. पैसे देऊन हे विष कशाला आणायचं? किडकी फळं, सुकलेले शेंडे तोडून जाळा. मारायचीच वेळ आली तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी.

पाड्यापाड्यावर प्लॉटांची यादी चालू आहे. बांध, ताली, लावलेली झाडं आपण लिहितोच. बांधात बिळं असतील तर तीही लिहा आणि तिथे खड्डा पडू देऊ नका. कारकून हसतील, हसू द्या. यादीवर पाड्यातल्या पाच जणांचे अंगठे घ्या आणि तहसीलला देण्याआधी एक प्रत स्वतःजवळ ठेवा.